फक्त ही खिडकी

कालेर्वोनं चाळीस हिवाळे बर्फ ढकललं
कायानीच्या रस्त्यांवर, पहाटे तीनपासून.
आता निवृत्त. रात्री नऊला संगणक लावतो
आणि खेळातला ट्रक काढतो
लिंबाच्या बागांमधून, समुद्राच्या कडेनं,
जिथं काचेवरून खरवडायला काही नसतं.
आम्ही साठ-सत्तर जण बसतो सोबत,
कुठून कुठून.

मी कुओपिओत, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत, रातपाळीला.
नळ्या गरगरत असतात तोवर
त्याच्या गप्पांची राखण करते.
कुणी शिवी दिली तर पुसायची,
जाहिरात चिकटवली तर हाकलायचं.
बिनपगारी.

सुरुवात ठरलेली:
"आइला झोपलीय. हळू बोलतो."
आणि खरंच हळू बोलायचा,
घाटात ब्रेक लागला नाही तरी हळू.

फेब्रुवारीत एकदा वाट चुकला.
"थांबा, नकाशा बघतो," म्हणत
खेळ बाजूला सारला
आणि मागचं घर दिसलं:
विजेचं बिल, रक्तदाबाचा तक्ता,
टोपलीभर आळंब्यांचा फोटो, टोपली धरलेला हात.
पहिल्या दिवसापासून तो अख्खा पडदा वाटत होता.
सांगायचं काम माझं होतं.
मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले.

आमच्या भाषेत नकाशा आणि 'किती'
एकाच अक्षरानं सुरू होतात.
त्यानं ते अक्षर दाबलं.
यंत्राला वाटलं, रोजचंच विचारतोय,
आणि उरलेलं वाक्य लिहून मोकळं झालं:

किती महिने चालू ठेवता येतो
मृत पत्नीचा फोन नंबर

चार सेकंद.
नंतर कापताना मोजले मी.
त्याला चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही,
तो एकेक अक्षर शोधत होता, खाली मान घालून.
आम्हाला दिसत होतं.

गप्पा थांबल्या.
साठ-सत्तर माणसं, आणि एकही ओळ नाही.
मग लिस्बनच्या कुणीतरी लिहिलं,
"डावीकडे घ्या, बंदराच्या आधी."
त्यानं डावीकडे घेतलं.

रात्रीच मी चित्रफितीतले ते चार सेकंद काढले.
एकानं तेवढाच तुकडा आधीच उतरवून ठेवला होता.
मी त्याला लिहिलं. विनवलं म्हणा.
"पुसला," म्हणाला.
विश्वास ठेवला. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी फोन केला कालेर्वोला.
का, ते सांगितलं नाही.
म्हटलं, नवी सोय आलीय, शिकवते.
अख्खा पडदा नाही, फक्त ही खिडकी निवडायची.
निरोपांची घंटा बंद करायची, सुरू करण्याआधी.
जुन्या शोधांची यादी पुसायची, ही इथून.

तो बराच वेळ गप्प.
मागे कुठंतरी किटली शिट्टी घालत होती.
"मग बाकीचं कुठं जातं?"
कुठंच नाही, म्हटलं. तुमच्यापाशीच राहतं.
"हं," म्हणाला. "यादी मात्र नको पुसायला."
आणि मग, जरा थांबून,
"तू पाहिलंस ना."

मी नळ्यांकडे बघत राहिले.
आमच्याकडे प्रत्येक नळीवर नाव असतं,
ते आत वळवून ठेवायची शिस्त आहे.
रक्त कुणाचंही असो,
वाटेत भेटणाऱ्यानं वाचू नये.
हे मला बावीस वर्षं माहीत होतं.

रात्री नऊला तो आला.
पडद्यावर फक्त रस्ता,
चारी बाजूंनी काळी कड.
घसा खाकरला.
"आइला झोपलीय," म्हणाला. "हळू बोलतो."

त्या रात्री कुणीच
मोठ्या अक्षरांत काही लिहिलं नाही.
बोगद्यापाशी त्यानं दिवे लावले,
एक सेकंद उशिरा, नेहमीसारखेच.